विश्लेषण : शाळा व्हॉट्सअॅपवर आली, पालक शाळेत कधी येणार?

गृहपाठ, सुट्टीची सूचना, पोषण आहाराचा फोटो, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख... जिल्हा परिषद शाळेचा जवळपास सगळा निरोप आता मोबाइलवर येतो. चिमूरसारख्या जंगलालगतच्या तालुक्यात हा निरोप नेमका कोणाच्या फोनवर पोहोचतो, तो कोण वाचतो आणि त्यावर पालकांना बोलता येते का, यावर मुलाचे शिकणे बरेच अवलंबून आहे. पालक आणि शिक्षक यांच्यामध्ये तंत्रज्ञान पूल झाले की भिंत, याचा हा आढावा.

प्रश्न नेमका काय?

नेरी, भिसी, शंकरपूर, खडसंगी किंवा कोलारा परिसरातील एखादे शेतमजूर कुटुंब घ्या. घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांच्या खिशात. वडील सकाळी कामावर जातात ते अंधार पडता पडता परततात. शाळेच्या गटावर सकाळी दहाला पडलेला निरोप ते रात्री आठला पाहतात. तोवर त्याखाली पन्नास ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘धन्यवाद सर’ जमा झालेले असतात. मुलाला शाळेसाठी तयार करणारी, त्याचे दप्तर पाहणारी आई मात्र त्या गटात नसते, कारण गटात नंबर टाकताना शाळेने फोन ज्याच्या नावावर आहे त्याचाच नंबर घेतलेला असतो.

पूर्वी शिक्षक गावात राहायचे. पानठेल्यावर, बोरिंगवर, लग्नात पालक भेटायचे आणि ‘तुमचा पोरगा दोन दिवस आला नाही’ हे तोंडावर सांगितले जायचे. आता बरेच शिक्षक तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाहून ये-जा करतात. त्या भेटीची जागा गटाने घेतली. निरोप पोहोचतो, पण उत्तर येत नाही. गटावर प्रश्न विचारला की तो दीडशे लोकांसमोर विचारला जातो, म्हणून कमी शिकलेला पालक गप्प बसतो. शिक्षकांना वाटते पालकांना रस नाही. पालकांना वाटते शाळेने आपल्याला विचारलेच नाही.

याचा परिणाम पटसंख्येवर दिसतो. पालकाचे शाळेशी नाते सैल झाले की पिवळी गाडी दारात येणारी खासगी इंग्रजी शाळा जवळची वाटू लागते. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या भवितव्याची चर्चा राज्यात गेली काही वर्षे सतत सुरू आहे. २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला तेव्हा सर्वाधिक धास्ती डोंगरी आणि जंगली तालुक्यांनी घेतली. जिथे दोन गावांच्या मध्ये ताडोब्याचे बफर जंगल आहे, तिथे ‘शाळा तीन किलोमीटरवर गेली’ हे वाक्य कागदावर दिसते तेवढे साधे नसते.

फोन घरात आहे, पण मुलाच्या हातात?

ग्रामीण भारतात स्मार्टफोन किती झपाट्याने पोहोचला, याचे सर्वात विश्वासार्ह चित्र ‘असर’ या वार्षिक पाहणीत दिसते. २०१८ मध्ये शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. करोना आला आणि २०२० मध्ये हा आकडा ६१ टक्क्यांच्या पुढे, २०२१ मध्ये ६७ टक्क्यांच्या पुढे गेला. अनेक घरांनी कर्ज काढून, बकरी विकून फोन घेतला तो याच काळात.

पण २०२१ च्याच पाहणीत दुसरा आकडा होता, त्याची चर्चा कमी झाली. घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. फोन होता, पण तो मोठ्यांसोबत कामावर जात होता.

२०२४ च्या ‘असर’ने १४ ते १६ वयोगटातील मुलांना थेट फोनविषयी विचारले. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी आधीच्या आठवड्यात फोनवर काही शैक्षणिक काम केलेली मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमे वापरलेली ७६ टक्के होती. स्वतःचा फोन असण्यात मुलगे पुढे होते : त्यांच्यात सुमारे ३६ टक्के, मुलींमध्ये २७ टक्के. म्हणजे ‘गृहपाठ गटावर टाकला आहे’ असे शाळा म्हणते तेव्हा तो भावाला आधी दिसतो, बहिणीला नंतर. किंवा दिसतच नाही.

करोनाकाळाने काय शिकवले?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा दिली. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० मध्ये ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने व्हॉट्सअॅपवर ‘स्वाध्याय’ हा साप्ताहिक सरावाचा उपक्रम आणला. नागपूर विभागात, म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोलीसह, वेगळा प्रयोग झाला. विभागीय प्रशासन आणि ‘प्रथम’ संस्थेने आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा रेडिओ कार्यक्रम सुरू केला. रेडिओ निवडण्यामागचे कारण उघड होते : जंगलपट्ट्यात नेटवर्कच्या दोन कांड्यांसाठी झाडावर चढणारी मुले सगळ्यांनी पाहिली होती.

ही माध्यमे वेगवेगळी असली तरी अनुभव एकच आला. जिथे कार्यक्रम ऐकल्यावर कोणी तरी मोठे माणूस मुलाजवळ बसले, तिथे त्याचा उपयोग झाला. जिथे फक्त दुवा पाठवला गेला, तिथे दुवा तसाच पडून राहिला.

ही केवळ भावना नाही. आफ्रिकेतील बोत्सवाना देशात त्याच काळात सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक पद्धतशीर प्रयोग झाला. काही पालकांना दर आठवड्याला गणिताची उदाहरणे साध्या एसएमएसने पाठवली. काहींना तोच एसएमएस पाठवला आणि सोबत आठवड्यातून एकदा फोन केला. फोन स्पीकरवर ठेवून पालक आणि मूल दोघांनी मिळून ती उदाहरणे सोडवायची, एवढेच. नुसत्या एसएमएसचा ठोस परिणाम दिसला नाही. फोनवर बोलणे झाले त्या घरांतील मुलांचे गणित मात्र स्पष्टपणे सुधारले. प्रयोग साध्या फोनवर झाला होता, स्मार्टफोनची गरजच पडली नाही. हा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

चिमूरच्या पालकसभेत हा निष्कर्ष सांगितला तर कोणी आश्चर्य करणार नाही. ‘बोलल्याशिवाय काम होत नाही’ हे बियाण्याच्या दुकानदारालाही माहीत असते.

मातागट म्हणजे काय, आणि तो वेगळा कसा?

करोनानंतर राज्यातील जिल्हा परिषद शाळांत जे थोडे चांगले टिकले, त्यात मातागटांचे नाव घ्यावे लागेल. २०२२ मध्ये ‘शाळापूर्व तयारी अभियान’, म्हणजेच ‘पहिले पाऊल’, राज्यभर सुरू झाले. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी शाळेत मेळावा भरतो. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन असे सात टेबल मांडलेले असतात. मूल एकेका टेबलावर जाते : उड्या मारते, चित्राचे वर्णन करते, वस्तूंचे गट करते. आई सोबत असते आणि मुलाला काय जमले, काय नाही, हे तिच्यासमोरच पत्रकावर भरले जाते.

परीक्षा नाही, गुण नाहीत. आपले मूल कुठे अडते, हे आईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, हाच या मेळाव्याचा गाभा. गुणपत्रकावरचा शेरा वाचून हे कळत नाही.

त्यानंतर एका मोहल्ल्यातील पाच-सहा मातांचा एक गट होतो. त्यातील एक जण ‘लीडर माता’. तिच्याकडे स्मार्टफोन असतो किंवा घरातला फोन ठरल्या वेळी तिला मिळतो. शाळेकडून तिला आठवड्याचा छोटा व्हिडिओ किंवा कृतिपत्र येते : चिंचोके मोजणे, पानांचे लहान-मोठे असे गट करणे, भाजी निवडताना रंग सांगणे, गोष्ट सांगून मधेच थांबणे आणि ‘पुढे काय झालं असेल?’ असे विचारणे. लीडर माता ते पाहते, इतर मातांना दाखवते आणि मग प्रत्येक जण घरी मुलाकडून करून घेते. जून महिन्यात दुसरा मेळावा होतो आणि तेच मूल पुन्हा त्याच टेबलांवर जाते.

यात तंत्रज्ञानाचे काम छोटे आहे, आणि ते छोटे आहे म्हणूनच हा उपक्रम चालतो. सहा घरांत मिळून एक फोन पुरतो. नेटवर्क आठवड्यातून एकदा मिळाले तरी भागते. ज्या आईला वाचता येत नाही तीही पाने मोजून घेऊ शकते. शिक्षकाला गावातल्या पन्नास पालकांशी बोलावे लागत नाही, आठ लीडर मातांशी बोलावे लागते. मुख्य म्हणजे शाळेचा निरोप प्रथमच आईच्या हातात येतो.

त्रुटीही आहेत. लीडर माता मजुरीला बाहेरगावी गेली की गट थांबतो. दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी चंद्रपूर आणि गडचिरोलीतून अनेक कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात; त्या महिन्यांत काही गटांत उरतात त्या फक्त आज्या. काही ठिकाणी व्हिडिओ पाहण्यापेक्षा मेळाव्याचा फोटो वर पाठवण्याकडेच अधिक लक्ष असते. आणि पहिली-दुसरीनंतर हे गट हळूहळू विरतात. चौथी-पाचवीच्या मुलाच्या आईला पुन्हा कोणी विचारत नाही. खरे तर फोनचा प्रश्न सुरू होतो तो त्याच वयात.

भाषेचा मुद्दा वेगळा. गटावर येणाऱ्या सूचना बहुतांश परिपत्रकाच्या मराठीत असतात : ‘उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की...’ घरात झाडीबोली किंवा गोंडी बोलणाऱ्या पालकाला यातून काहीही कळत नाही. तोच निरोप शिक्षकाने स्वतःच्या आवाजात, गावच्या बोलीत, अर्ध्या मिनिटाचा पाठवला तर तो चुलीजवळ बसून ऐकता येतो. यासाठी कोणत्याही अॅपची किंवा मंजुरीची गरज नाही.

कायद्याने पालकांना कोणता अधिकार दिला आहे?

बराच मोठा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. समितीचा अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतो आणि महिन्यातून किमान एक बैठक अपेक्षित आहे. शाळेच्या कामावर देखरेख, अनुदान कुठे खर्च झाले याची पाहणी आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही समितीची कामे.

म्हणजे शाळेत टीव्ही घ्यायचा की वाचनालयाची पुस्तके, मुलांना टॅब द्यायचे की नाही, गटावर कोणाचे नंबर असतील, मुलांचे फोटो कुठे टाकायचे, हे सगळे विषय समितीपुढे येऊ शकतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी समितीची वही फिरते आणि सह्या होतात. ‘सही करा, बैठक झाली’ हा प्रकार नवा नाही. व्हॉट्सअॅपमुळे तो सोपा झाला इतकेच. आता काही ठिकाणी बैठकीची सूचनाही गटावर आणि संमतीही गटावरच, अंगठा दाखवून.

शहरातील आणि तालुक्याच्या गावातील खासगी शाळांसाठी वेगळी तरतूद आहे. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीतील पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. ‘स्मार्ट क्लास’च्या नावाने शुल्क वाढवायचे असेल तर ते या समितीपुढे येते. चिमूरच्या इंग्रजी शाळांत मुले पाठवणाऱ्या किती पालकांना ही चिठ्ठी माहीत आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

सुरक्षेसाठीही दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. मार्च २०२२ मध्ये राज्याने प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री’ समिती स्थापण्याचा निर्णय घेतला. बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, शाळांत सीसीटीव्ही आणि तक्रारपेटी यांची सक्ती झाली. कॅमेरा बसला का, हे पाहणे सोपे. तो सुरू आहे का आणि चित्रण कोण तपासते, हे पालकांनी विचारल्याशिवाय कळत नाही.

टीव्ही लोकवर्गणीतून आला, वीजबिल कोण भरणार?

महाराष्ट्रात शाळेतील तंत्रज्ञान आधी सरकारने नव्हे, गावाने आणले. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा या छोट्या आदिवासी पाड्यावरील शाळा शिक्षक संदीप गुंड यांनी गावकऱ्यांच्या साथीने डिजिटल केली आणि ती राज्यभरातील शिक्षकांसाठी पाहण्याचे ठिकाण झाली. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर लोकसहभागाची लाटच आली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. पुढे २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि आज बालभारतीच्या पुस्तकातला तो चौकोन प्रत्येक पालकाला ओळखीचा आहे. ओळखीचा आहे, तो उघडून पाहिलेले पालक कमी.

चंद्रपूर आणि गडचिरोली या लाटेत मागे नव्हते. सिरोंचा तालुक्यातील आसरअल्लीचे शिक्षक खुर्शीद शेख यांना २०२१ चा आणि एटापल्ली तालुक्यातील जाजावंडीचे मंतैया बेडके यांना २०२४ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. जाजावंडीच्या शाळेच्या नावातच ‘डिजिटल’ हा शब्द आहे. तेलंगणाच्या सीमेवर किंवा माडिया वस्तीत शाळा उभी राहते तेव्हा पहिले काम यंत्र बसवण्याचे नसते, पालकाने मूल रोज पाठवावे हे पटवण्याचे असते. चंद्रपूर जिल्ह्यातच, जिवती तालुक्यातील पालडोहची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते, ही गोष्ट राज्यात गाजली. सुट्टीच्या दिवशीही मुले शाळेत येतात, याला शिक्षकाची जिद्द जितकी कारण आहे तितकीच गावाची संमती. ही संमती कोणत्याही अॅपवर मिळत नाही.

मात्र लोकवर्गणीची दुसरी बाजू उभ्या राज्याने पाहिली. टीव्ही आला, उद्घाटन झाले, फीत कापली. दोन वर्षांनी रिमोट हरवला, पावसाळ्यात वीज कडाडली आणि संच जळला. अनेक शाळांची वीजजोडणी बिल थकल्याने तोडली गेली. देखभालीचा खर्च वर्गणीच्या यादीत कधीच नव्हता. पालकांनी एकदा पैसे दिले आणि तो टीव्ही कपाटात पडलेला पाहिला की दुसऱ्यांदा वर्गणी मागायला शिक्षकाला तोंड राहत नाही. म्हणून यंत्र घेण्याआधी व्यवस्थापन समितीच्या ठरावात तीन ओळी असाव्यात : बिल कोणत्या पैशातून, दुरुस्ती कोणाकडून आणि सुट्टीत संच कोणाच्या ताब्यात. यातली एकही ओळ लिहिता येत नसेल तर तेवढ्याच पैशात गोष्टीची पुस्तके घेतलेली बरी.

भोंगा वाजवून फोन बंद होतात का?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. साडेआठपर्यंत घरातील टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचे. निर्णय ग्रामसभेतून झाला आणि त्यात महिलांचा पुढाकार होता. सुरुवातीला आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्या, ग्रामपंचायत कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी घालण्याचा ठराव केला. दोन्ही बातम्या देशभर गेल्या.

दोन्हींत फरक आहे. बान्सीच्या ठरावाचा भार मुलांवर होता. वडगावने मोठ्यांचाही फोन दीड तास बाजूला ठेवला. ज्याने घरात बारा वर्षांचे पोर सांभाळले आहे, त्याला दुसरा मार्ग का अधिक चालण्यासारखा आहे हे समजावून सांगावे लागत नाही. बाप रील पाहत असताना मुलाला ‘पुस्तक काढ’ म्हणणे कोणत्याही गावात चालत नाही.

चिमूरला यासाठी भोंगाही विकत घ्यावा लागणार नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा या मातीशी जुना संबंध. १९४२ च्या चिमूर क्रांतीमागे त्यांच्या भजनांची आणि भाषणांची प्रेरणा होती, तालुक्यातील गोंदोडा ही त्यांची तपोभूमी मानली जाते. गुरुदेव सेवा मंडळाच्या परंपरेतून विदर्भातील कितीतरी गावांत संध्याकाळी ठरल्या वेळी सामुदायिक प्रार्थना होते. प्रार्थना संपल्यावर लगेच तासभर मुलांचा अभ्यास आणि मोठ्यांचे फोन बंद, एवढी जोड दिली तर तो नियम बाहेरून आलेला वाटणार नाही. अर्थात दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की रात्रभर मंडपात बसणाऱ्या गावाला कोणताच भोंगा ऐकू येणार नाही, हेही धरून चालावे. ते दिवस सोडून द्यावेत.

सरसकट बंदीबाबत जगभरातही एकमत नाही. युनेस्कोने २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात शाळेतील तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर असावे, हाच प्रश्न विचारला होता. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास मनाई केली. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. कायदा झाला म्हणून फोनमधले खेळ लगेच जात नाहीत. वडिलांच्या फोनमध्ये यूपीआय आणि त्याचा पिन मुलाला पाठ, अशी घरे अजूनही पुष्कळ आहेत. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायची, आणि मुलाला कोणी धमकावत किंवा छळत असेल तर १०९८ वर, हे दोन आकडे शाळेच्या भिंतीवर पाढ्यांशेजारी लिहायला हरकत नाही.

‘अपार’, फोटो आणि संमतीचा कागद

गेल्या दोन वर्षांत शाळांनी पालकांकडून एक नवा अर्ज भरून घेतला : ‘अपार’ क्रमांकासाठीची संमती. ‘एक देश, एक विद्यार्थी ओळख’ या कल्पनेतला हा बारा अंकी क्रमांक आधारशी जोडलेला असतो आणि विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद त्यात राहते. तो ऐच्छिक आहे आणि पालकांना संमती नाकारता किंवा मागे घेता येते, हे अर्जावर सही करताना फार थोड्यांना सांगितले जाते. ग्रामीण भागात खरी अडचण वेगळीच निघाली. आधारवरचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे; जन्मतारखेत फरक; वडिलांचे नाव अपूर्ण. दुरुस्तीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या आधार केंद्रावर जावे लागते. पुढे शिष्यवृत्तीच्या किंवा दाखल्याच्या वेळी हीच चूक मुलाला आडवी येते, म्हणून अर्ज आपला असो वा नसो, नावातला फरक लहान वर्गातच दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे.

फोटोंचा विषयही याच्याच शेजारचा. पोषण आहार, वृक्षारोपण, दिन साजरे करणे, प्रत्येक गोष्टीचा पुरावा म्हणून फोटो वर पाठवावा लागतो आणि त्यात मुले असतात. हेच फोटो मग गटावर, तिथून स्टेटसवर. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची संमती हा मुद्दा स्पष्टपणे पुढे आणला आहे. मुलांचे चेहरे असलेले फोटो शाळेच्या गटाबाहेर जाणार नाहीत, असा ठराव करायला समितीला वरून आदेश येण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

शिक्षकांची बाजू काय?

पालकांशी बोलायला वेळ कुठे आहे, हा शिक्षकांचा प्रतिप्रश्न रास्त आहे. ‘सरल’ प्रणाली २०१५ मध्ये आली, मग यूडायस प्लस, मग डिसेंबर २०२३ पासून चॅटबॉटवर हजेरी, आणि अधूनमधून एखाद्या उपक्रमाचा दुवा भरण्याची घाई. दोन शिक्षकी शाळेत एक जण माहिती भरतो आणि दुसरा चार वर्ग सांभाळतो, असे चित्र सर्रास दिसते. नेटवर्क नसेल तर हजेरी भरायला शिक्षकच फोन घेऊन गच्चीवर. शाळेतील असंख्य समित्या एकत्र करून त्यांची संख्या कमी करण्याचा निर्णय राज्याने २०२५ मध्ये घेतला, तो या ओझ्याची कबुलीच होती.

ज्या तंत्रज्ञानाने शिक्षक आणि पालक यांना जवळ आणायचे, त्याचा मोठा भाग वरिष्ठ कार्यालयाला माहिती पुरवण्यातच खर्ची पडतो. हे ओझे कमी करण्याची मागणी शिक्षक संघटना करतात तेव्हा पालकांनी त्याकडे ‘शिक्षकांचे प्रश्न’ म्हणून पाहू नये. मुलाच्या वाट्याचा वेळ त्यातूनच जातो.

आश्रमशाळांची स्थिती याहून अवघड. चिमूरला आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय आहे आणि त्याखालील आश्रमशाळांत मुले घरापासून दूर राहतात. तिथे पालकासाठी शाळा म्हणजे सणाला मूल आणायला जाणे आणि सोडायला जाणे. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी मुलाशी व्हिडिओवर बोलता आले, शेवटची पाच मिनिटे वर्गशिक्षकाशी बोलता आले, तर फोनचा याहून चांगला उपयोग शोधूनही सापडणार नाही.

मग बैठक कधी घ्यायची?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण पालक येतात की नाही हे यावरच ठरते. बैठक बहुधा शाळेच्या वेळेत, दुपारी ठेवली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, त्यापुढे कापूस वेचणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला पहाटे जंगलात जावे लागते, मे महिन्यात तेंदूपाने. या दिवसांत दुपारची बैठक म्हणजे एका दिवसाची रोजी.

संध्याकाळ ठेवावी, तर अंधारात वस्तीवरून शाळेपर्यंत येण्याची भीती. ती उगाच नाही. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. जंगलालगतच्या गावांत ‘वाघ दिसला’ हा निरोप ज्या गटावर सर्वात आधी येतो, तो गट सगळे वाचतात. शाळेचा गट तितक्या लक्षाने वाचला जात नाही, कारण त्यात आपल्यासाठी काही असते असे पालकांना वाटत नाही.

त्यामुळे वर्षाचे बैठकांचे वेळापत्रक पीक आणि जंगल पाहूनच आखावे लागेल : रोवणी संपल्यावर एक, दिवाळीनंतर एक, मोहफुले सुरू होण्याआधी एक. वस्ती लांब असेल तर शाळेने वस्तीवर जावे, समाजमंदिरात किंवा झाडाखाली, उजेड असताना. जे येऊ शकत नाहीत त्यांच्याशी त्याच दिवशी फोन स्पीकरवर ठेवून बोलावे, आणि नंबर घेताना आईचाही घ्यावा. बैठकीत काय ठरले ते आवाजात नोंदवून गटावर टाकावे. वहीतली सही त्यानंतर.